अमेरिकेच्या इतिहासाचा पदव्युत्तर अभ्यास : ‘पुनर्रचना’ कालखंडाच्या निमित्ताने

प्रस्तावना

एम.ए. इतिहासाच्या अभ्यासक्रमात अनेक ठिकाणी ‘अमेरिकेचा इतिहास’ हा एक पेपर असतो. विद्यार्थी तो का निवडतात, असे विचारले तर साधारणपणे एकच उत्तर मिळते. काळ थोडा आहे, घराण्यांच्या वंशावळी नाहीत आणि प्रश्न ठरलेले आहेत. वसाहती, स्वातंत्र्ययुद्ध, संविधान, यादवी युद्ध, न्यू डील, शीतयुद्ध एवढे मुद्दे तयार केले की काम भागते, असा समज आहे.

प्रस्तुत लेखक इतिहासाचा अध्यापक नाही, उर्दू आणि मराठी शिकवतो. परंतु इंग्रजी ग्रंथातील उतारे समजून घेण्यासाठी इतिहासाचे विद्यार्थी अधूनमधून येऊन बसतात आणि त्यांच्याबरोबर आपलेही वाचन होते. काही वर्षांपूर्वी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी बाजारात मिळणाऱ्या तयार नोट्स घेऊन आली. प्रश्न होता, ‘पुनर्रचना का अपयशी ठरली?’ उत्तरातील पहिलाच मुद्दा होता : ‘अशिक्षित व अननुभवी निग्रोंना घाईने मताधिकार देण्यात आला.’ दुसरा मुद्दा उत्तरेकडून आलेल्या लोभी पुढाऱ्यांचा आणि तिसरा भ्रष्टाचाराचा. ती म्हणाली, “सर, इंग्रजी मी समजून घेतलं. पण एक विचारू का? अशिक्षितांना मत दिलं म्हणून राज्य बिघडलं असेल, तर आपल्याकडे १९५२ साली काय झालं?”

१९५१ च्या जनगणनेत आपल्या देशातील साक्षरता अठरा टक्क्यांच्या आसपास होती आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत होते. ज्यांच्या आजी-आजोबांनी अंगठा उठवून मतपत्रिका घेतली, त्यांच्या नातवंडांनी परीक्षेत ‘अशिक्षितांना मत देणे ही चूक होती’ असे लिहावे आणि त्यास गुण मिळावेत, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे. नोट्समधील ते वाक्य कोठून आले, हे शोधत गेलो तेव्हा पदव्युत्तर पातळीवर इतिहास शिकणे म्हणजे नेमके काय, याचे एक उत्तम उदाहरण हाती लागले. तेच येथे मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

१. पुनर्रचना म्हणजे काय?

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६१ ते १८६५ या काळात झाले. दक्षिणेतील गुलामगिरीवर आधारलेल्या राज्यांचा पराभव झाला आणि सुमारे चाळीस लाख कृष्णवर्णीय स्त्री-पुरुष गुलामगिरीतून मुक्त झाले. त्यानंतरची सुमारे बारा वर्षे, म्हणजे १८७७ पर्यंतचा काळ, ‘पुनर्रचना’ या नावाने ओळखला जातो.

या काळात तीन घटनादुरुस्त्या झाल्या. तेराव्या दुरुस्तीने (१८६५) गुलामगिरी रद्द झाली. चौदाव्या दुरुस्तीने (१८६८) अमेरिकेत जन्मलेल्यांना नागरिकत्व आणि कायद्याचे समान संरक्षण मिळाले. पंधराव्या दुरुस्तीने (१८७०) वंश, वर्ण किंवा पूर्वीची गुलामी या कारणावरून कोणाही नागरिकाचा मताधिकार नाकारता येणार नाही, असे ठरले. स्त्रियांना मात्र मत मिळाले नाही.

मुक्त झालेल्यांच्या मदतीसाठी १८६५ साली ‘फ्रीडमेन्स ब्यूरो’ हे सरकारी खाते स्थापन झाले. मजुरीचे करार, शाळा, दवाखाने, तंटे असे नाना विषय त्याच्याकडे होते. १८७० साली मिसिसिपी राज्यातून हायरम रेव्हल्स हे सिनेटमध्ये बसणारे पहिले कृष्णवर्णीय सदस्य ठरले. त्याच वर्षी साउथ कॅरोलायनाचे जोसेफ रेनी, ज्यांचा जन्म गुलामगिरीत झाला होता, प्रतिनिधिगृहात गेले. या कालखंडात एकूण सोळा कृष्णवर्णीय व्यक्ती काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, निवडून गेल्या. गावपातळीपासून वरपर्यंतची सर्व पदे मोजली तर ही संख्या सुमारे दोन हजारांपर्यंत जाते. दक्षिणेत सरकारी खर्चाने चालणाऱ्या सार्वत्रिक शाळांची व्यवस्था याच सरकारांनी उभी केली.

याच काळात याच्या उलट बाजूही घडत होती. कू क्लक्स क्लॅन ही गुप्त संघटना याच सुमारास टेनेसी राज्यात सुरू झाली. मतदारांना मारहाण, शाळा जाळणे, पुढाऱ्यांचे खून हे प्रकार वाढत गेले. १३ एप्रिल १८७३ रोजी, ईस्टरच्या दिवशी, लुईझियाना राज्यातील कोलफॅक्स या गावी सत्तेच्या वादातून सशस्त्र गोऱ्या जमावाने कचेरीच्या इमारतीत जमलेल्या कृष्णवर्णीयांवर हल्ला केला. शरण आलेल्यांनाही ठार केले गेले. मृतांचा नेमका आकडा आजही निश्चित नाही. साठच्या आसपासपासून दीडशेपर्यंतचे आकडे दिले जातात. ज्या थोड्या लोकांना शिक्षा झाली, त्यांचीही शिक्षा १८७६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने टिकली नाही. १८७६ च्या वादग्रस्त अध्यक्षीय निवडणुकीनंतर तडजोड झाली, दक्षिणेतील सरकारांना असलेला केंद्रीय सैन्याचा आधार १८७७ साली काढून घेण्यात आला आणि पुनर्रचना संपली.

पदवी पातळीवर एवढे माहीत असणे पुरेसे मानले जाते. पदव्युत्तर पातळीवर यापुढचा प्रश्न सुरू होतो : हे सारे आपल्याला कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे सांगितले?

२. कोलंबिया विद्यापीठातील एक वर्ग

अमेरिकेत पदव्युत्तर संशोधनाची आजची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन विद्यापीठांच्या नमुन्यावर उभी राहिली. १८७६ साली स्थापन झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हर्बर्ट बॅक्स्टर ॲडम्स यांनी इतिहासाचा ‘सेमिनार’ चालवला. विद्यार्थ्यांनी टेबलाभोवती बसावे, मूळ कागद वाचावेत, निबंध सादर करावा आणि इतरांनी त्याची चिकित्सा करावी, अशी ही रीत. १८८४ साली अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशन ही इतिहासकारांची संस्था निघाली. इतिहास हा आता हौशी लोकांचा विषय न राहता व्यवसाय बनला.

या नव्या व्यवस्थेतील एक नामांकित अध्यापक म्हणजे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील विल्यम आर्चिबाल्ड डनिंग. त्यांचा पुनर्रचनेवरील ग्रंथ १९०७ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या हाताखाली जेम्स गार्नर यांनी मिसिसिपीवर, वॉल्टर फ्लेमिंग यांनी अलाबामावर आणि इतर विद्यार्थ्यांनी इतर राज्यांवर प्रबंध लिहिले. या सर्वांना मिळून ‘डनिंग संप्रदाय’ म्हटले जाते. गार्नर यांच्यासारखे काही जण तुलनेने संयमी होते. परंतु एकंदर निष्कर्ष असा, की कृष्णवर्णीय लोक राज्यकारभारास अपात्र होते, त्यांना मत देणे ही घोडचूक होती आणि गोऱ्यांची सत्ता परत आली तेव्हा दक्षिणेची सुटका झाली.

हे लोक कागद न पाहता लिहीत होते असे मुळीच नाही. त्यांनी राज्यांची दफ्तरे चाळली, कायदे, वृत्तपत्रे, पत्रव्यवहार वाचला, तळटिपा दिल्या. त्या काळच्या कसोट्यांनुसार हे उत्तम पदव्युत्तर संशोधन होते. मग चूक कोठे झाली? एका बाजूची साक्ष त्यांनी पुरावा मानली आणि दुसऱ्या बाजूची साक्ष जवळजवळ मानलीच नाही. जमीनदाराचे पत्र हा त्यांना पुरावा वाटला. मुक्त गुलामाने ब्यूरोच्या अधिकाऱ्यापुढे केलेली तक्रार ही कुरकुर वाटली. भ्रष्टाचार झाला हे खरे होते. परंतु त्याच वर्षांत न्यूयॉर्क शहरात, जेथे कारभार गोऱ्यांच्याच हाती होता, विल्यम ट्वीडच्या टोळीने शहराची तिजोरी लुटली. तेव्हा गोऱ्यांना मताधिकार देणे चूक होते, असे कोणी लिहिले नाही.

उर्दू व अरबी शिकणाऱ्या वाचकांना येथे दोन परिचित शब्द आठवतील. शिबली नोमानी यांनी ‘अल्-फारूक’ (१८९९) या ग्रंथाच्या आरंभी इतिहासाच्या चिकित्सेसाठी रिवायत आणि दिरायत यांची चर्चा केली आहे. रिवायत म्हणजे वृत्तांत कोणाकडून कोणाकडे आला, सांगणारा विश्वासार्ह होता काय, याची तपासणी. दिरायत म्हणजे तो वृत्तांत बुद्धीला, परिस्थितीला, मनुष्यस्वभावाला पटतो काय, याची तपासणी. मराठी वाचकांना वि. का. राजवाडे यांचे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ हे खंड ठाऊक असतात. पहिला खंड १८९८ चा. अस्सल कागदाशिवाय इतिहास नाही, हा धडा त्यांनी आपल्याला दिला. डनिंग संप्रदाय नेमका याच वर्षांतला. साधने गोळा करणे आवश्यक आहे, पण तेवढ्याने भागत नाही, हा धडा त्याच्याकडून घ्यावा लागतो.

३. पुस्तकातील निकाल रस्त्यावर येतो

विद्यापीठातील प्रबंध थोडेच लोक वाचतात, त्यामुळे त्यांचा समाजावर काय परिणाम होणार, असे कोणी म्हणेल. येथे तो परिणाम स्पष्ट दिसतो.

मिसिसिपी राज्याने १८९० साली नवे संविधान करून मतदानकर आणि वाचनाची परीक्षा यांच्या आधारे कृष्णवर्णीयांना मतदारयादीतून दूर केले. इतर राज्यांनी तोच मार्ग धरला. लुईझियानात १८९६ साली १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०४ साली १,३४२ उरले. एवढ्या मोठ्या अन्यायाला समर्थन हवे होते आणि ते विद्वानांच्या ग्रंथांत तयार मिळाले. थॉमस डिक्सन यांची ‘द क्लॅन्समन’ ही कादंबरी १९०५ साली आली. तिच्यावर आधारलेला डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांचा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ हा चित्रपट १९१५ साली निघाला. त्यात क्लॅनचे लोक रक्षणकर्ते म्हणून दाखवले होते. चित्रपटातील पाट्यांवर वुड्रो विल्सन यांच्या इतिहासग्रंथातील उतारे होते. विल्सन हे जॉन्स हॉपकिन्सचे पीएच.डी. आणि त्या वेळी अमेरिकेचे अध्यक्ष. चित्रपट व्हाइट हाउसमध्येही दाखवला गेला. त्याच वर्षी क्लॅन पुन्हा उभी राहिली.

कोलफॅक्स गावात १९५० च्या सुमारास राज्य सरकारने एक फलक लावला. त्यावर १८७३ च्या घटनेला ‘दंगल’ म्हटले होते आणि तिच्यामुळे दक्षिणेतील गैरकारभार संपला असा आशय होता. तो फलक २०२१ साली काढण्यात आला. सत्तर वर्षे शाळकरी मुले तो वाचत होती. ठार मारल्या गेलेल्यांची पतवंडेही त्याच रस्त्याने जात होती.

४. ज्यांची साक्ष घेतली गेली नाही

या मताला उत्तर देणारे लोक पहिल्यापासून होते. जॉन लिंच यांचा जन्म १८४७ साली गुलामगिरीत झाला. पुढे ते मिसिसिपीच्या विधानगृहाचे सभापती आणि नंतर काँग्रेसचे सदस्य झाले. १९१३ साली त्यांनी ‘द फॅक्ट्स ऑफ रिकन्स्ट्रक्शन’ हे पुस्तक लिहून आपण पाहिलेली हकीकत नोंदवली. प्रत्यक्ष त्या कारभारात भाग घेतलेल्या माणसाची ही साक्ष व्यावसायिक इतिहासकारांनी फारशी मनावर घेतली नाही.

डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस हे हार्वर्डमधून पीएच.डी. मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय (१८९५). डिसेंबर १९०९ मध्ये त्यांनी अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनपुढे पुनर्रचनेच्या लाभांविषयी निबंध वाचला. सार्वजनिक शाळा, अधिक लोकशाही संविधाने, नवे सामाजिक कायदे हे त्या सरकारांचे काम होते, हे त्यांनी दाखवले. १९१० साली निबंध संस्थेच्या पत्रिकेत छापला गेला. ‘निग्रो’ हा शब्द लिहिताना पहिले अक्षर मोठे छापावे, अशी त्यांची विनंती संपादकांनी मान्य केली नाही. आपल्या लिपींत लहान-मोठे अक्षर नसल्याने या मागणीचे महत्त्व चटकन लक्षात येत नाही. इंग्रजीत विशेषनामाला मोठे अक्षर असते. मोठे अक्षर नाकारणे म्हणजे त्या लोकांना एक समाज म्हणून नाव नाकारणे.

१९३५ साली त्यांचा ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन इन अमेरिका’ हा मोठा ग्रंथ आला. त्यातील शेवटच्या प्रकरणात त्यांनी पाठ्यपुस्तके आणि डनिंग संप्रदायाचे ग्रंथ यांचीच उलटतपासणी केली. त्याच संस्थेच्या पत्रिकेने या ग्रंथाचे परीक्षण तेव्हा छापले नाही. ड्यू बॉईस यांनी दक्षिणेतील दफ्तरांचा पुरेसा उपयोग केला नाही, अशी टीका होत राहिली. परंतु ती दफ्तरे कृष्णवर्णीय संशोधकाला कितपत खुली होती? १९३९ साली जॉन होप फ्रँकलिन हे तरुण संशोधक नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या दफ्तरखान्यात गेले. त्यांना गोऱ्यांच्या वाचनकक्षात बसता येत नव्हते, म्हणून वेगळी खोली देण्यात आली. गोऱ्या कर्मचाऱ्याने त्यांना कागद आणून देणे योग्य दिसणार नाही, म्हणून दफ्तराची किल्लीच त्यांच्या हाती दिली गेली. पंधरा दिवसांनी गोऱ्या संशोधकांनी तक्रार केली, की यांना आत जाता येते आणि आम्हाला येत नाही. मग किल्ली परत घेतली गेली. हा प्रसंग फ्रँकलिन यांनी स्वतः सांगितला आहे.

फ्रँकलिन यांचे पुनर्रचनेवरील पुस्तक १९६१ साली आणि केनेथ स्टॅम्प यांचे १९६५ साली आले. हा काळ नागरी हक्क चळवळीचा. १९६४ साली नागरी हक्क कायदा आणि १९६५ साली मताधिकार कायदा झाला. १९८८ साली एरिक फोनर यांचा पुनर्रचनेवरील बृहद्ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि ड्यू बॉईस यांनी मांडलेली मुख्य दिशा आता व्यावसायिक इतिहासकारांनी सर्वसाधारणपणे स्वीकारली आहे. विशेष म्हणजे फोनर हेही कोलंबियाचेच. ज्या विद्यापीठात जुने मत तयार झाले, तेथेच त्याची सर्वांत सविस्तर दुरुस्ती झाली. पुढे टेरा हंटर यांनी (१९९७) अटलांटातील धुणे धुणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रिया आणि त्यांचा १८८१ चा संप यांचा अभ्यास केला. म्हणजे प्रश्न विचारण्याची जागा विधानसभेतून घाटावर आणि स्वयंपाकघरात आली.

आपल्या नोट्समधले ते वाक्य १९०७ च्या आसपासचे होते. अमेरिकेत ते खोडले जाऊन अर्धशतक लोटले, आपल्याकडे ते अजून पाठ होत होते.

५. कागद कसा वाचावा : दोन उदाहरणे

पहिले उदाहरण मुलाखतींचे. १९३६ ते १९३८ या काळात सरकारी योजनेखाली सतरा राज्यांतील पूर्वीच्या गुलामांच्या मुलाखती घेण्यात आल्या. २,३०० हून अधिक कथने जमली. साउथ कॅरोलायनातील चार्ल्सटन येथे सुझन हॅम्लिन या वृद्ध स्त्रीची मुलाखत दोनदा झाली. एकदा गोऱ्या स्त्रीने घेतली. तेव्हा मालक भला होता, असे कथन झाले. ही बाई सरकारी मदतीच्या कचेरीतून आली आहे, असा सुझन यांचा समज होता. दुसऱ्यांदा कृष्णवर्णीय पुरुषाने मुलाखत घेतली. तेव्हा फटक्यांच्या आणि आईपासून मूल विकले जाण्याच्या हकिगती बाहेर आल्या. कागद दोन्ही अस्सल, बोलणारी एकच. पदवीचा विद्यार्थी विचारतो, यातले खरे कोणते? पदव्युत्तर विद्यार्थ्याने विचारावे, ऐकणारा कोण होता, बोलणारीला त्याच्याकडून काय अपेक्षा किंवा भीती होती, आणि लिहून घेताना काय गळले?

दुसरे उदाहरण भाषेचे. उमर इब्न सईद हे पश्चिम आफ्रिकेतील फुता तोरो प्रदेशातील विद्वान. १८०७ साली गुलाम म्हणून त्यांना चार्ल्सटन येथे आणले गेले. नॉर्थ कॅरोलायनात गुलामगिरीत असताना १८३१ साली त्यांनी अरबीत आत्मवृत्त लिहिले. त्याचा आरंभ सूरह मुल्कने होतो. ‘मुल्क’ म्हणजे सत्ता, स्वामित्व; ते अल्लाहच्या हाती आहे, असे या सूरहचे पहिले वाक्य सांगते. माणूस माणसाचा मालक असलेल्या घरात बसून या सूरहची निवड होणे सहज नव्हते, असे काही अभ्यासकांना वाटते. याच लेखनात आपल्या मालकाची स्तुतीही आहे. ती मनापासूनची की सावधगिरीची, यावर चर्चा चालू आहे. १९२५ साली अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनच्या पत्रिकेत त्याचा इंग्रजी अनुवाद छापला गेला. पुढे हस्तलिखित बराच काळ दृष्टीआड होते. २०१७ साली ते अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने घेतले आणि आता ते संगणकावर कोणालाही पाहता येते. अमेरिकेच्या इतिहासासाठी फक्त इंग्रजी लागते हा समज येथे दूर होतो. आपल्याकडील अरबी जाणणाऱ्या विद्यार्थ्याला हे साधन अनुवादाशिवाय वाचता येईल.

६. आपल्याकडील दुवे

१८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांचा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना आदरपूर्वक अर्पण केला. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, ही त्यांची अपेक्षा होती. हे वर्ष पुनर्रचनेच्या ऐन मध्यावरचे आणि कोलफॅक्स हत्याकांडाचेही. पुण्यात बसून फुल्यांनी या काळाकडे आशेने पाहिले. डनिंग यांनी तीन-चार दशकांनंतर त्याच काळाला अपयश ठरवले. दोघांपैकी कोणाचे आकलन पुढे टिकले, हे वर आलेच आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१६ पर्यंत तेथे शिकले. त्याच काळात डनिंग तेथे अध्यापक होते. पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी ड्यू बॉईस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांतर्फे संयुक्त राष्ट्रांकडे करण्यात येणाऱ्या अर्जाची प्रत मागितली. ड्यू बॉईस यांनी उत्तरही दिले. हा पत्रव्यवहार मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील ड्यू बॉईस यांच्या कागदपत्रांत जपलेला आहे.

हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठाच्या परिसरात १९६४ साली अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटर सुरू झाले. पुढे त्याचे नाव व स्वरूप बदलले. परंतु भारतातील अनेक संशोधकांनी अमेरिकेवरील प्रबंधांचे वाचन तेथेच केले. आज फ्रीडमेन्स ब्यूरोचे कागद, जुनी वृत्तपत्रे, वर उल्लेखिलेल्या मुलाखती असे बरेच काही संगणकावर विनामूल्य उपलब्ध आहे. साधने मिळत नाहीत ही अडचण पूर्वीएवढी राहिलेली नाही.

७. विद्यार्थ्यांसाठी काही सूचना

१. एक छोटा विषय घ्यावा. ‘पुनर्रचना’ हा विषय नव्हे. ‘साउथ कॅरोलायनातील शाळा, १८६८ ते १८७६’ हा विषय होऊ शकतो.

२. त्या एकाच विषयावर तीन काळांतील तीन लेखक वाचावेत. डनिंग, ड्यू बॉईस आणि फोनर यांची संबंधित प्रकरणे शेजारी ठेवून वाचली की फरक आपोआप दिसतो. फरक तपशिलात आहे, साधनांत आहे की प्रश्नांत आहे, हे वहीत वेगळे लिहावे.

३. तळटिपा वाचाव्यात. लेखकाने कोणाची साक्ष घेतली आणि कोणाची घेतली नाही, हे मजकुरापेक्षा तळटिपांत लवकर कळते.

४. निदान एक मूळ कागद स्वतः वाचावा. तो कोणी, कोणासाठी, केव्हा आणि कशाच्या अपेक्षेने लिहिला, ही चार उत्तरे लिहिल्याशिवाय त्यातील मजकूर वापरू नये.

५. नव्या मतालाही तेच प्रश्न लावावेत. डनिंग यांच्या जागी फोनर यांचे पाठांतर केले तर पाठांतरच होईल.

६. परदेशी विद्यापीठात जाण्याचा विचार असेल तर तेथील पद्धत आधी समजून घ्यावी. अमेरिकेतील पीएच.डी.त प्रथम सुमारे दोन वर्षे वर्ग आणि सेमिनार, मग निवडलेल्या क्षेत्रांतील विस्तृत वाचनावर परीक्षा आणि त्यानंतर प्रबंध असतो. त्या परीक्षेत घटनांपेक्षा इतिहासकारांमधील वादांबद्दल विचारले जाते.

७. आपल्या भाषांचा उपयोग करावा. १८६१ ते १८६५ च्या युद्धामुळे अमेरिकेचा कापूस बंद झाला, मुंबईत कापसाचा भाव चढला आणि १८६५ साली कोसळला. याचे पडसाद मराठी व उर्दू वृत्तपत्रांत कसे उमटले? अमेरिकन मिशनने १८४२ साली अहमदनगर येथे सुरू केलेल्या ‘ज्ञानोदय’ने अमेरिकेतील गुलामगिरीविषयी मराठी वाचकांना काय सांगितले? हे विषय अमेरिकेत बसलेल्या संशोधकापेक्षा आपल्या विद्यार्थ्याला अधिक जवळचे आहेत.

समारोप

उर्दूत इतिहासाला ‘तारीख’ म्हणतात आणि दिनांकालाही ‘तारीख’च म्हणतात. बहुधा त्यामुळेच सनावळ्या पाठ करणे म्हणजे इतिहास, अशी समजूत आपल्याकडे पक्की झाली असावी. सनावळ्या यायलाच हव्यात. १८७३ हे वर्ष ठाऊक नसेल तर फुले आणि कोलफॅक्स एकत्र दिसणार नाहीत. परंतु पदव्युत्तर विद्यार्थ्याला त्यापुढे जाऊन निकाल देणाऱ्याचीही साक्ष तपासता आली पाहिजे. विद्वानांनी, पुराव्यानिशी, तळटिपा देऊन लिहिलेला इतिहासही एका समाजाचा मताधिकार काढून घेण्यास हातभार लावू शकतो, हे या उदाहरणावरून दिसते. तो निकाल बदलायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला. ज्यांच्यावर तो लादला होता, त्यांच्यातील काही जण शिकले, किल्ली हाती घेऊन दफ्तरात गेले आणि कागद नव्याने वाचले, तेव्हा तो बदलला.

त्या विद्यार्थिनीने पुढे आपल्या सेमिनारसाठी याच प्रश्नावर निबंध लिहिला. शीर्षक मात्र तिने बदलले होते : ‘पुनर्रचना अपयशी ठरली असे कोणी म्हटले?’ परीक्षेच्या दृष्टीने हे धोक्याचे आहे, असे तिला काही जणांनी सांगितले. तिने विचारले तेव्हा मी एवढेच म्हणालो, की नोट्समधला मुद्दाही लिही, पण तो कोणाचा आहे आणि कोणत्या सालचा आहे, हे नावासह लिही.